फ्लूच्या साथीत शाळा बंद ठेवणे परवडते का?

महालकर
२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्या-मुंबईच्या शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद होती. पुढच्या साथीत नागपुरातही सुरुवातीलाच तसे करावे, असा सूर हल्ली ऐकू येतो. मला ते पटत नाही, कारण बंदीची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. शाळेला सुट्टी असली की आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई धाकट्याला सोबत आणतात; त्याची शाळेतली खिचडी बुडते, एखाद्या घरी ‘मुलाला आणू नका’ म्हणून त्यांचा खाडा होतो, आणि पोरगा चार घरे हिंडतो तो हिंडतोच. त्यापेक्षा गरोदर स्त्रिया, मधुमेही, वृद्ध आणि रुग्णालयांतील कर्मचारी यांना पावसाळ्यापूर्वी मोफत लस द्यावी.

सीताबर्डीकर
लस नेहमीच्या फ्लूसाठी ठीक आहे, पण नव्या विषाणूवरची लस पहिल्या दिवशी आणायची कुठून? जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली ती जून २००९ मध्ये, आणि भारतीय बनावटीची लस बाजारात यायला २०१० चा जून उजाडला. मधल्या काळात गर्दी टाळण्यावाचून हाती फारसे काही नसते. १९१८ च्या सप्टेंबरअखेर फिलाडेल्फियाने साथ दारात असताना भव्य मिरवणूक काढली, तर सेंट लुईसने शाळा, नाट्यगृहे वेळेत बंद केली. दुसऱ्या शहरातील मृत्युदर बराच कमी राहिला. मेडिकल आणि मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांतले व्हेंटिलेटर मोजकेच, हे २०१५ च्या फेब्रुवारीतली साथ पाहिलेल्या नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

महालकर
फिलाडेल्फियाचा दाखला मान्य. मात्र १९१८ चा विषाणू धडधाकट तरुणांनाही मारत होता. २००९ चा त्या मानाने पुष्कळ सौम्य निघाला. घाईचीही किंमत असते: १९७६ मध्ये अमेरिकेने चार कोटींहून अधिक लोकांना स्वाइन फ्लूची लस टोचली, साथ आलीच नाही, आणि काहींना गुलियन-बारे हा मज्जातंतूंचा विकार झाल्याने डिसेंबरात मोहीम गुंडाळावी लागली.

सीताबर्डीकर
पण तो दाखला लसीच्या घाईचा आहे, बंदीचा नव्हे! दोन आठवड्यांची सुट्टी चूक ठरली तर ती मागे घेता येते. टोचलेली लस काढून घेता येत नाही.

महालकर
हा मुद्दा बिनतोड आहे. मग माझी अट एवढीच, की सुट्टीच्या आदेशातच खिचडीचा शिधा घरपोच देण्याची तरतूद असावी. बाईंच्या खाड्याचे काय करायचे, ते मात्र मलाही सुचलेले नाही.