वरच्या दातांवर पांढरी रेघ, खालचे स्वच्छ : कॅल्शियम कमी आहे का?

चिऊताई :
मुलगी 20 महिन्यांची. वरच्या पुढच्या चारही दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ, एकावर पिवळट डाग. खालचे दात स्वच्छ. रात्री बाटलीतून साखर घातलेलं दूध पीत झोपते. चॉकलेट अजून दिलेलंच नाही. घरचे म्हणतात कॅल्शियमचं टॉनिक सुरू करा. आणि दुधाचे दात पडणारच, तर एवढं मनावर घ्यावं का?

बत्तीशी :
कॅल्शियमचा काही संबंध नाही, उलट बऱ्याच टॉनिकांत साखरच असते. हे बाटलीचं काम. खालचे दात वाचलेत हीच खूण : चोखताना जीभ त्यांच्यावर असते आणि जिभेखालची लाळ त्यांना धूत राहते. दूध साचतं ते वरच्या दातांशी. झोपेत लाळ फार कमी सुटते. जंतू साखरेचं आम्ल करतात, पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातातले क्षार विरघळू लागतात. दुधाच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरणही पातळ, त्यामुळे रेघेचं भोक व्हायला काही महिने पुरतात.

साखर आजच बंद. मग दर दोन-तीन रात्रींनी दुधात पाणी वाढवत न्या, शेवटी बाटलीत नुसतं पाणी. रडारड होणार, तेवढी सोसा. दूध कपातून, मग ब्रश, मग झोप. क्रम उलटला की सगळं फुकट.

कडुनिंब :
पेस्ट 1000 पीपीएम (दहा लाख भागांत 1000 भाग) फ्लोराइडची, म्हणजे दात मजबूत करणाऱ्या क्षाराची, तांदळाच्या दाण्याएवढी. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. ट्यूबवरचं कार्टून पाहू नका, मागचा मजकूर वाचा. मुलांच्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. डोकं मांडीवर घ्या, वरचा ओठ उचला, हिरडीच्या कडेने घासा. फेस पुसून घ्या, चूळ नको. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं, तिथे आधी दंतवैद्यांना विचारा.

चॉकलेट नाही हे ठीक, पण दुधात बुडवलेलं बिस्कीट आणि गूळ घातलेलं नाचणीसत्त्वही मोजा. जंतूंना गूळ काय, साखर काय!

खारीक :
दुधाचे दात पडणारच, पण पुढचे सहा-सात वर्षांपर्यंत, दाढा दहा-बारापर्यंत लागतात. कीड तिकडेही सरकते, आणि मुळाशी पू झाला तर वर वाढणाऱ्या पक्क्या दातालाही इजा पोचू शकते. लोहाचे थेंब चालू असतील तर काळपट डाग त्यांचेही पडतात. ते वरवरचे असतात, दंतवैद्य साफ करून देतात.

पांढरी रेघ फ्लोराइडने भरून येऊ शकते. दंतवैद्य दर तीन ते सहा महिन्यांनी वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा लेप लावतात. पिवळट डाग मात्र याच आठवड्यात दाखवा. तिथे खड्डा निघाला तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे दातावर लावायचं औषध सुचवतील : ड्रिल लागत नाही, कीड थांबते, पण किडलेली जागा कायमची काळी होते. हे आजीला आधीच सांगून ठेवा.