एमएलव्ही कंट्रोलही 'न्यूट्रलाइज' होतोय: प्लाझ्मातलं काय अडवतंय?

वेल_एच३ (प्रश्न)

टीझेडएम-बीएल पेशींवर (एचआयव्हीचा संसर्ग झाला की ल्युसिफरेज बनवून उजळणाऱ्या) एचआयव्ही न्यूट्रलायझेशन, म्हणजे प्लाझ्मातले प्रतिपिंड विषाणूला किती अडवतात ही चाचणी, लावलं आहे. एन्व्ह स्यूडोव्हायरस (एकदाच संसर्ग करू शकणारे, एन्व्हेलप वेगळं पुरवलेले विषाणू) २९३टी पेशींमध्ये, एसजी३ डेल्टा-एन्व्ह बॅकबोनवर (स्वतःचं एन्व्हेलप न बनवणारा एचआयव्हीचा जीनोम) तयार केलेले. एमएलव्ही कंट्रोलही त्याच बॅकबोनवर, फक्त एन्व्हेलप (बाहेरचं आवरण) एमएलव्ही या उंदरांच्या विषाणूचं, ज्याला एचआयव्हीविरुद्धचे प्रतिपिंड अडवत नाहीत. प्लाझ्मा ५६ अंशांवर एक तास. पहिल्या वेलमध्ये १४० मायक्रोलिटर मीडियम अधिक ११ मायक्रोलिटर प्लाझ्मा, पुढे ५० मायक्रोलिटर उचलत तिप्पट डायल्युशन. मग ५० मायक्रोलिटर व्हायरस, ३७ अंशांवर एक तास, त्यानंतर १०,००० पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये डीईएई-डेक्सट्रानसह (संसर्ग वाढवणारा पॉलिमर). ४८ तासांनी ल्युसिफरेज.

व्हायरस कंट्रोल (प्लाझ्माशिवाय व्हायरस) दीड लाख आरएलयूच्या (प्रकाशाचं मोजमाप) आसपास, सेल कंट्रोल (नुसत्या पेशी) ९००. प्लेट ठीक वाटते. तरी निकाल (टायटर, म्हणजे व्हायरसला ५० टक्के अडवणारं डायल्युशन) असे:

एचआयव्ही-निगेटिव्ह प्लाझ्मा: दोन्ही व्हायरसना १:२० च्या खाली.
पॉझिटिव्ह, उपचार न घेतलेले: एचआयव्ही १:१८० च्या आगेमागे, एमएलव्ही १:२० च्या खाली.
पॉझिटिव्ह, टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिन-डोल्युटेग्रॅव्हिरवर असलेले: एचआयव्ही १:९०० ते १:२४००, एमएलव्ही १:८५० ते १:२२००.

तिसऱ्या गटात औषध आडवं येतंय असा संशय आहे. पण वेलमध्ये प्लाझ्मा इतका पातळ झाल्यावरही औषध उरतं का? आणि एचआयव्हीच्या टायटरमधून एमएलव्हीचा टायटर वजा करून प्रतिपिंडांचा आकडा काढता येईल का? नाहीतर ३० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून प्लाझ्मा धुऊन घ्यावा असा विचार आहे.

तिसरा_पॅसेज

उरतं, आणि भरपूर उरतं. आकडेमोड करून बघा.

रोज ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्याच्या रक्तात पुढच्या गोळीच्या आधीची, म्हणजे सर्वांत कमी पातळीसुद्धा साधारण १.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असते. रेणुभार ४१९, म्हणजे सुमारे २,६०० नॅनोमोलर. तुमचं १:२० हे डायल्युशन व्हायरस घातल्यानंतरचं आहे: १५१ मध्ये ११, त्यातले १०० उरले, वर ५० व्हायरस. पेशी घातल्यावर वेलमध्ये २५० मायक्रोलिटर होतात, म्हणजे पेशींच्या दृष्टीने १:३४. तिथे औषध ७५ नॅनोमोलरच्या आसपास. या औषधाला ५० टक्के अडवायला अर्धा ते एक नॅनोमोलर पुरतं. पाचव्या वेलमध्ये, म्हणजे कागदावरच्या १:१६२० ला, अजूनही जवळपास एक नॅनोमोलर शिल्लक असतं. तुमचे ९०० ते २४०० नेमके इथेच येऊन बसतात. गोळी घेऊन दोन-तीन तासांत रक्त काढलं असेल तर टायटर आणखी वर जाईल.

इतर दोघांचा हात कमी. टेनोफोव्हिरच्या रेणूवर ऋणभार असल्यामुळे रक्तातलं टेनोफोव्हिर पेशीत धड शिरत नाही, म्हणून तर ते प्रोड्रगच्या (शरीरात गेल्यावर औषधात बदलणाऱ्या) रूपात द्यावं लागतं. लॅमिव्हुडिनला पेशीत जाऊन तीन फॉस्फेट लागल्याशिवाय काम करता येत नाही, त्यामुळे त्याचा परिणाम दिसलाच तर सुरुवातीच्या वेलमध्ये.

एमएलव्ही का अडकतो तेही यातच आलं. एन्व्हेलप बाहेरचं असलं तरी आतलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचं डीएनए करणारं एन्झाइम) आणि इंटिग्रेज (तो डीएनए पेशीच्या डीएनएत जोडणारं) एचआयव्हीचंच आहे. प्रतिपिंड एन्व्हेलप पाहतात, डोल्युटेग्रॅव्हिर हे इंटिग्रेजवरचं औषध, ते एन्व्हेलपकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे तुमचा कंट्रोल बिघडलेला नाही, त्याने त्याचं काम चोख केलंय.

प्रोटिएज इनहिबिटरवर (विषाणूला परिपक्व होऊ न देणारी औषधं) असलेल्यांचे नमुने पुढे आले तर एक लक्षात ठेवा: स्यूडोव्हायरस २९३टीमध्येच परिपक्व होऊन आलेला असतो आणि संसर्गाची एकच फेरी होते, त्यामुळे त्या गटाचं औषध या प्लेटवर दिसत नाही. अर्थात त्या गोळ्यांच्या जोडीला बहुधा दुसरी औषधं असतातच.

वजाबाकी करू नका. 'एमएलव्हीच्या तिप्पट असेल तर पॉझिटिव्ह' हा नियम १:२० ते १:४० च्या किरकोळ पार्श्वभूमीसाठी आहे. एमएलव्ही १:२००० ला जात असताना १:१८० चं खरं न्यूट्रलायझेशन खाली गाडलं गेलेलं असतं. २१०० वजा २००० म्हणजे १०० प्रतिपिंडांचे, असं नसतं. तो फरक निव्वळ पिपेटचाही असू शकतो.

बंद_हूड

वरच्याशी सहमत, पण औषधावर शिक्का मारण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, रक्ताच्या नळ्या. उपचारावरच्या गटाचं रक्त हेपॅरिनच्या नळीत आणि बाकीच्यांचं दुसऱ्या नळीत, असं तर झालं नाही ना? हेपॅरिन हा ऋणभारित पॉलिमर, तो विषाणूला पेशीला चिकटूच देत नाही. ईडीटीएची भानगड वेगळी: कमी डायल्युशनच्या वेलमध्ये तो कॅल्शियम बांधून ठेवतो आणि पेशी तळ सोडतात. एसीडी नळी किंवा सरळ सीरम बरं. तुमचा परिणाम १:२००० पर्यंत टिकतोय म्हणून ईडीटीए जवळपास बाद, पण हेपॅरिनची नोंद बघाच.

दुसरी, विषारीपणा. पेशी मेल्या तरी आरएलयू पडतो आणि आलेख हुबेहूब न्यूट्रलायझेशनसारखा दिसतो. व्हायरस न घालता तीच डायल्युशन लावून ४८ तासांनी एटीपी मोजणाऱ्या किटने जिवंत पेशी मोजा. निदान रीडिंगच्या आधी मायक्रोस्कोपखाली पहिले तीन वेल तरी बघा. पेशींची चादर सलग दिसली पाहिजे.

औषधाचा पुरावा हवा असेल तर स्वस्त चाचणी: थोडा प्लाझ्मा ३० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळा आणि खाली आलेला द्रव नमुना म्हणून लावा. त्यात प्रतिपिंड असूच शकत नाहीत, आयजीजी (रक्तातला मुख्य प्रतिपिंड) दीडशे किलोडाल्टनचं. तो द्रव दोन्ही व्हायरस अडवत असेल तर प्रश्न मिटला. सोबत निगेटिव्ह प्लाझ्मात मुद्दाम डोल्युटेग्रॅव्हिर मिसळून तोही तसाच गाळून लावा.

याच फिल्टरने प्लाझ्मा धुवायचा तुमचा बेत मात्र फसेल. डोल्युटेग्रॅव्हिर ९८ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं आणि अल्ब्युमिन ६६ किलोडाल्टनचं. ते आयजीजीबरोबर वरच राहतं. एका फेरीत फक्त मोकळं औषध खाली जातं, बाकीचं अल्ब्युमिनच्या खांद्यावर बसून तसंच.

ग्लायसिन२७

मग उपाय एकच, आयजीजी वेगळं काढा. प्रोटीन जी (आयजीजीला धरून ठेवणारं प्रथिन, रेझिनच्या मण्यांवर बसवलेलं) घ्या, प्रोटीन ए नको. प्रोटीन ए माणसाच्या आयजीजी३ ला (आयजीजीचा एक उपप्रकार) धरत नाही, आणि एचआयव्हीविरुद्धच्या प्रतिसादात आयजीजी३ चा वाटा सोडून देण्यासारखा नसतो.

५६ अंशांवर तापवल्यावर प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन साकळतं. १३,००० जी वर १० मिनिटं फिरवून वरचाच भाग घ्या, नाहीतर रेझिन बुजतो. २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा तेवढ्याच पीबीएसमध्ये (क्षारांचं बफर) पातळ करून ३०० मायक्रोलिटर बसलेल्या रेझिनवर एक तास फिरता ठेवा. मग धुणं, आणि इथे कंजूषपणा नको: रेझिनच्या २० पट पीबीएस. औषधाला घेऊन अल्ब्युमिन इथेच निघून जातं.

काढायला ०.१ मोलर ग्लायसिन, पीएच २.७. नळीत आधीच दहावा हिस्सा १ मोलर ट्रिस, पीएच ९, टाकून ठेवा, थेंब थेट त्यात पडू दे. 'नंतर घालू' म्हटलं की आयजीजी आम्लात उभं राहतं आणि गठ्ठे होतात. शेवटी ३० किलोडाल्टनच्या फिल्टरवर पीबीएसने तीनदा दहा-दहा पट बदल. इथे मात्र फिल्टर योग्य, कारण अल्ब्युमिन आता नाही.

हिशेब असा. प्लाझ्मात आयजीजी साधारण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर धरा, उपचार न घेतलेल्यांत बरंच जास्तही असतं. २०० मायक्रोलिटरमधून २ मिलिग्रॅम अपेक्षित, हाती दीडच्या आसपास. २८० नॅनोमीटरवर १.४ शोषण म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. ११ मायक्रोलिटरचीच पद्धत ठेवायची तर हे दीड मिलिग्रॅम दीडशे मायक्रोलिटरमध्ये आणा, म्हणजे पहिल्या वेलमध्ये व्हायरससह ५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होईल, १:२० प्लाझ्माच्या तोडीचं. एका व्हायरसला जोडीने लावायला सव्वादोनशे मायक्रोग्रॅम लागतात.

एका नमुन्याचा रेझिन दुसऱ्याला वापरू नका. आणि औषध मिसळलेला निगेटिव्ह प्लाझ्मा प्रत्येक बॅचमध्ये याच वाटेने न्या. धुणं पुरलं की नाही हे तोच सांगतो.

वेल_एच३

नळ्या सगळ्यांच्या एसीडी होत्या. गाळलेल्या द्रवाने दोन्ही व्हायरस सारखेच अडवले, म्हणजे औषधच. आयजीजी काढून लावलं: सहापैकी पाच नमुन्यांत एमएलव्ही ५०० मायक्रोग्रॅमलाही अडत नाही, एचआयव्ही ६० ते १४० ला अडतो. सहाव्यात एमएलव्ही ३०० ला अडतोय. औषध मिसळलेला निगेटिव्ह मात्र स्वच्छ आला. सहाव्याला रेझिन कमी पडला म्हणून त्याच्यासाठी नवी डबी फोडली होती.

ग्लायसिन२७

नव्या डबीतला रेझिन वापरण्याआधी धुतला होता का? तो २० टक्के इथेनॉलमध्ये किंवा सोडियम अझाइडमध्ये येतो. अझाइड पेशींचं श्वसन बंद पाडतं, पहिल्या एक-दोन वेलमध्येच आरएलयू पडतो आणि पुढे सगळं सुरळीत दिसतं. तुमचं ३०० तसंच वाटतं. रेझिन आधी पीबीएसने धुवा, फिल्टरवरचा बदल तीनऐवजी पाच वेळा करा आणि बंद_हूड यांनी सांगितलेली एटीपीची प्लेट याच नमुन्याला लावा.

तिसरा_पॅसेज

सहावा नमुना लांब मुदतीच्या इंजेक्शनवरच्या व्यक्तीचा नाही ना, तेही विचारून घ्या. कॅबोटेग्रॅव्हिर (तेही इंटिग्रेजवरचंच औषध) शेवटच्या टोचणीनंतर वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ रक्तात सापडू शकतं, त्यामुळे 'सध्या गोळ्या नाहीत' या नोंदीवर विसंबू नका. इंटिग्रेजच्या औषधाला दाद न देणारा बॅकबोन वापरण्याचाही मार्ग आहे, पण त्या म्युटेशनने व्हायरसची ताकद घटते. दीड लाख आरएलयू गाठायला जास्त व्हायरस ओतावा लागतो, आणि उद्या वेगळ्या गटाचं औषध आलं की पुन्हा पहिले पाढे. सहा नमुन्यांसाठी एवढा खटाटोप करू नका.

निकाल लिहिताना आयजीजीचे आकडे मायक्रोग्रॅममध्येच द्या. त्यांचं टायटरमध्ये रूपांतर करून उपचार न घेतलेल्यांच्या १:१८० शेजारी मांडू नका. तुलना हवी असेल तर त्या गटाचंही आयजीजी काढून त्याच प्लेटवर लावा.