आईच्या गुडघ्यासाठी इंजेक्शनची चाचणी चालू आहे, नाव द्यावं का?

तासगावची लेक
आई ६३ वर्षांची, सारी उमर द्राक्षबागेत राबली. आता दोन्ही गुडघे झिजलेत, जिना चढताना जीव जातो. मिरजेत दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, गुडघ्यात द्यायच्या इंजेक्शनची चाचणी चालू आहे, भाग घेता का? निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. आई म्हणते, "पाणी टोचून घ्यायला मिरजेला कशाला जाऊ?" तिला शुगर पण आहे. काय करावं?

कृष्णाकाठ (फिजिओ, सांगली)
ताई, आईंचं म्हणणं रास्त आहे, पण त्या पाण्यावाचून औषधाचा गुण कळत नाही. गुडघेदुखी आपसूक कमी-जास्त होते, आणि सुई टोचली की सलाईननंही पुष्कळांना खरोखर बरं वाटतं. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर पीआरपीची (आपल्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट जास्त असलेल्या द्रवाच्या इंजेक्शनची) सलाईनशी तुलना केली. २०२१ साली निकाल आला: वर्षभरानंतर दुखण्यात म्हणावा असा फरक नाही. तेच पीआरपी आपल्याकडे लोक हजारो रुपये मोजून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं. स्टिरॉइडनं काही आठवडे आराम पडतो. पण २०१७ च्या अमेरिकेतल्या चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं ते दिलं, तेव्हा दुखणं सलाईनपेक्षा कमी झालं नाही आणि कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गादी) मात्र जास्त झिजली.

म्हणून आधी विचारा, औषध नेमकं कोणतं? स्टिरॉइड असेल तर काही दिवस शुगर चढते, रोज तपासावी लागेल. आणि भाग घ्या न घ्या, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सोडू नका.

कराडकर
माझ्या वडिलांनी अशाच एका चाचणीत भाग घेतला होता. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, सहीनंतर एक प्रत आपल्याकडे ठेवा. सीटीआरआय (देशातल्या अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारा, तो इंटरनेटवर तपासता येतो. चाचणीच्या इंजेक्शनचे पैसे मागितले तर सरळ उठून या. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार फुकट करावे लागतात, आणि मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

तासगावची लेक
आभारी आहे दादा. गुडघा बदलायची वेळ आली तर या इंजेक्शनची आडकाठी होईल का?

कृष्णाकाठ
इंजेक्शननंतर साधारण तीन महिने ऑपरेशन टाळतात, जंतुसंसर्गाची भीती असते. ऑपरेशनचा विचार जवळ असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.