शिया इराण ख्रिस्ती आर्मेनियाच्या बाजूने का? ('एक धर्म, एक धोरण' या लेखाला उत्तर)

पश्चिमवारा:
काल 'एक धर्म, एक धोरण' हा लेख वाचला. म्हणणं असं की मुस्लिम देश मुस्लिम देशाच्याच मागे उभे राहतात, ख्रिस्ती ख्रिस्त्यांच्या मागे, आणि आपण मात्र बुद्ध-अशोकाच्या संस्कारापायी जगाला नीती शिकवत बसलो. खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग लागलेली पाहून राहवलं नाही. प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

अझरबैजान शियाबहुल, इराणही शियाबहुल. इराणात तब्रीझच्या बाजूला अझरी (म्हणजे अझरबैजानच्याच वंशाच्या) लोकांची प्रचंड वस्ती आहे, इराणचे सर्वोच्च नेते राहिलेल्या अली खामेनेईंचं घराणंही अझरी. आर्मेनिया चौथ्या शतकापासून ख्रिस्ती. लेखातल्या सूत्राप्रमाणे काराबाख या प्रदेशावरून आर्मेनिया आणि अझरबैजानात नव्वदीच्या दशकात झालेल्या युद्धात इराणने डोळे झाकून बाकूच्या, म्हणजे अझरबैजानच्या, मागे जायला हवं होतं. झालं उलट. अझरबैजानने आर्मेनियाची कोंडी केली, १९९३ मध्ये तुर्कस्ताननेही सीमा बंद केली, आणि अरस नदीवरची इराणची वाट मात्र उघडी राहिली. कारण उघड आहे. बाकूतले राष्ट्रवादी तब्रीझला 'दक्षिण अझरबैजान' म्हणत होते. आपलाच तुकडा फुटेल ही तेहरानची भीती धर्मबंधुत्वापेक्षा मोठी ठरली. आणि तोच शियाबहुल अझरबैजान इस्रायलला तेल विकतो. २०२० च्या काराबाख युद्धात त्याच्याकडे इस्रायली ड्रोन होते.

दुसरं उदाहरण शिनज्यांगचं. तिथल्या उइघुर मुसलमानांबाबत चीनची पाठराखण करणारं पत्र जुलै २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत गेलं. सह्या करणाऱ्यांत सौदी अरेबिया आणि पाकिस्तान होते. कुठे गेली उम्मत, म्हणजे जगभरच्या मुसलमानांची एकी?

राज्यकर्त्यांना आधी भीती आणि गरज कळते. धर्म येतो तो नंतर, भाषणात.

देवगिरी:
सोयीची दोन उदाहरणं उचलली की झालं? मग इराणच्या १९७९ च्या इस्लामी क्रांतीचं काय करायचं? शहाच्या काळात इराण इस्रायलला तेल विकत होता. १९६८ मध्ये दोघांनी मिळून इस्रायलमध्ये एलात ते अश्केलोन तेलवाहिनी टाकली. दोन देशांत सीमा नाही, जमिनीचा वाद नाही. धर्मगुरू खोमेनी सत्तेवर आले आणि एका वर्षात तोच इस्रायल वैरी झाला. नकाशा तोच, तेल तेच, शेजारचे अरब तेच. बदलली ती फक्त राज्यकर्त्यांची श्रद्धा. हे भीती-गरजेत बसवून दाखवा.

आपल्याकडचंही बोलतो. १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली आणि पूर्ण संबंधांसाठी १९९२ उजाडावं लागलं. मुंबईत वाणिज्य दूतावास, दिल्लीत काही नाही. ही मतपेढी नाही तर काय?

पश्चिमवारा:
@देवगिरी, १९८५ मध्ये इराकशी लढताना खोमेनींच्याच इराणने इस्रायलमार्फत आलेली अमेरिकी क्षेपणास्त्रं घेतली. श्रद्धा होतीच ना तेव्हा? सद्दाम दारात आल्यावर ती बाजूला ठेवता आली.

खाडीपलीकडे:
मतपेढी हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. आम्ही रत्नागिरीचे, वडील कुवेतमध्ये नोकरीला होते. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामचं सैन्य शिरलं, पगार बुडाला, घरी फोन लागेना. आई रेडिओपाशी बसून असायची. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले, त्या गळाभेटीवर आजही लोक तोंडसुख घेतात. पण वडील बसऱ्यावरून बगदाद आणि तिथून अम्मान असे बाहेर पडले, ते इराकने वाट दिली म्हणून. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय असे परत आले. त्यांत मल्याळी ख्रिस्ती होते, पंजाबी होते, आमच्या वडिलांच्या खोलीतला कुडाळचा हिंदू सुतारही होता. अरब देशांशी गोड राहणं ही या माणसांची गरज होती, आणि तेलाचीही.

देवगिरी:
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण घरची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. गोड राहून मिळालं काय? १९६९ मध्ये रबातच्या इस्लामी परिषदेचं निमंत्रण देऊन पाकिस्तानच्या हट्टापायी आपल्याला बाहेर ठेवलं. १९७१ मध्ये जॉर्डनने पाकिस्तानला लढाऊ विमानं दिली. आणि कारगिलच्या वेळी दारूगोळा कुणी दिला? इस्रायलने. दोन प्राचीन संस्कृती, दोघांच्या भोवती शत्रू. नैसर्गिक मित्र आहेत ते.

रेवदंडा_कट्टा:
संस्कृतीचं नातं म्हणता, तर ते आमच्या अलिबाग-रेवदंड्याला विचारा. आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं, आडनावात गावाचं नाव, घरात मराठी, मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, खोबरं. त्यांची थोरली मुलगी लग्न करून इस्रायलला गेली. १९६०च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने या लोकांच्या लग्नांवर अटी घातल्या. पूर्वजांची चौकशी करा, मग बघू. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना कोकणाने 'शनिवार तेली' म्हटलं, त्यांच्याकडे ज्यू असल्याचा दाखला! लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांना सर्वार्थाने ज्यू म्हटलं. मुलीची आई अखेरपर्यंत ते बोल विसरली नाही.

देवगिरी:
त्यांच्याच संसदेने चूक सुधारली ना? आज इस्रायलच्या दिमोना, अश्दोदमध्ये मराठी लोक मानाने राहतात. जुनी खपली काढून एका देशाला बदनाम करायचं, हा तुमचा नेहमीचा उद्योग.

रेवदंडा_कट्टा:
नेहमीचा? मी इथे वर्षातून एकदा लिहिते. बदनामी केली नाही, सोसलेल्या माणसांचं सांगितलं. मैत्री करा, दारूगोळा घ्या, हरकत नाही. पण तिला संस्कृतीची साक्ष काढू नका, ती साक्ष द्यायला आमचे शेजारी आहेत.

सुमेधा_नाशिक:
दोघेही जरा थांबा, मूळ प्रश्न हरवला. @पश्चिमवारा, तुमचंही पूर्ण पटत नाही. १९५४ च्या करारात नेहरूंनी तिबेट चीनचा प्रदेश मानला. निव्वळ फायदा पाहिला असता तर १९५९ मध्ये दलाई लामांना सीमेवरूनच परत पाठवायला हवं होतं, चीनचा राग ओढवून घ्यायची काय गरज होती? पण बुद्धाच्या देशात शरण आलेल्या भिक्षूला परत धाडणं कुठल्याही पंतप्रधानाला झेपलं नसतं. संस्कृती इथे काम करते. काय करावं हे ती सांगत नाही, काय करणं अशक्य आहे हे ठरवते.

देवगिरी:
चला, कुणीतरी बोललं. बुद्ध-अशोकाबद्दल लेखकही हेच म्हणत होता.

पश्चिमवारा:
नाही, लेखक हे म्हणत नव्हता. सुमेधाताईंचं तिबेटचं उदाहरण मी मानतो, पण तेवढंच. आश्रय दिला, धरमशाला दिली, पण तिबेटी निर्वासित सरकारला भारताने आजही मान्यता दिलेली नाही. संस्कृतीने दार उघडलं, पुढचं सगळं हिशेबाने झालं. नेपाळही पाहा. रोटी-बेटी व्यवहार, पशुपतिनाथ, सगळं एक, तरी २०१५ मध्ये नाकाबंदीने तिथे गॅस सिलिंडर मिळेना, आणि नाकाबंदी आपण केलीच नाही असं आपलं सरकार म्हणत राहिलं. देवगिरी, कारगिल, रबात, दिमोना सगळं झालं. आर्मेनियाबद्दल मात्र तुम्ही अजून एक ओळ लिहिलेली नाही.

देवगिरी:
लिहीन, रविवारी सविस्तर. १९८५ च्या क्षेपणास्त्रांचंही. पण १९७९ चं उत्तर तुम्हीही दिलेलं नाही.