छाटणीची तारीख: बाग आपली आणि बाग दुसऱ्याची

निफाडकर: कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, "सल्लागाराचं काय जातं, बाग दुसऱ्याची." डोकंच फिरलं. बारा वर्षं द्राक्षबागांच्या छाटणीचा सल्ला देतोय. दुसऱ्याला सांगताना मी उलट जास्त घाबरतो. लवकर छाटलं की परतीच्या पावसाचा धोका; माझ्या दोन एकरांत घडकूज झाली तर घरची बोलणी खाईन. तुमच्या बागेत झाली तर तुमच्या दारावरून जाता येत नाही. म्हणून तुम्हाला ऑक्टोबर सांगतो, स्वतः सप्टेंबरात कात्री लावतो.

दिंडोरीची सून: म्हणजे तेजीचा भाव तुम्हाला, मंदीचा आम्हाला? माझं माहेर सटाण्याचं. तिथे जुलै-ऑगस्टात छाटतात, डावणी रोगाशी झुंजतात, पण आगाप म्हणजे लवकर आलेल्या मालाचा पैसा करतात. तुम्ही आमची बाग नाही, स्वतःचं नाव जपता.

गंगापूर रोडचा डॉक्टर: निफाडकरांचं मला पटतं. 2011 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांपुढे आतड्याच्या कॅन्सरच्या दोन काल्पनिक शस्त्रक्रिया ठेवल्या होत्या. एकीत मृत्यू जास्त, दुसरीत कमी, पण काहींना पोटावर शौचाची पिशवी लावावी लागण्यासारखे त्रास. मृत्यू जास्त असलेली स्वतःसाठी 38 टक्क्यांनी निवडली, रुग्णासाठी 25 टक्क्यांनी.

ओझरकर: अमेरिका राहू द्या. भाऊ पुण्याला, त्याची बाग मी बघतो. माझा माल किलोमागे चार रुपये कमी घेऊन रोखीत दिला. त्याचा चढ्या भावाने उधारीवर दिला, का तर कमी भावात विकला असं त्याने म्हणू नये. व्यापारी पळाला. वहिनी अजून धड बोलत नाही.

डॉक्टर: उधारीवर द्यायचाच कशाला? लेखी घ्यायचं.

ओझरकर: तुम्ही कधी माल विकलाय? शिवार सौद्यात, म्हणजे बागेतच ठरणाऱ्या व्यवहारात, लेखी मागितलं की व्यापारी शेजारच्या बागेत जातो, आणि पिकलेले घड थांबत नाहीत.

दिंडोरीची सून: आमचे सासरेही असेच बुडाले. चेक वटलाच नाही. पोलिसांत अर्ज दिला, चकरा मारल्या, शेवटी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं. छाटणीच्या तारखेवर भांडतोय आपण, पैसा तर वजनकाट्यावर बुडतो.

निफाडकर: ओझरकर, तुम्ही दोषाला भिऊन भावाचा माल जोखमीत घातलात. मीही दोषालाच भितो, फक्त तुमची बाग मागे ओढतो.

दिंडोरीची सून: मग कबूल करा ना!

निफाडकर: एवढंच कबूल: माझ्या बागेची तारीख तुमच्यापासून लपवायला नको होती. सल्ला मात्र बदलत नाही.

दिंडोरीची सून: सांगा मग, यंदा कधी?

निफाडकर: माझी बाग 20 सप्टेंबरला. फवारणीची वहीसुद्धा दाखवतो, खर्च बघून ठरवा.