मदत हवी आहे: कार्डिॲक अरेस्टनंतर तापमान आवरताना येणारी हुडहुडी

आयसीयूत काम करणाऱ्यांना विचारायचं आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेले, पण शुद्धीवर न आलेले, व्हेंटिलेटरवरचे पेशंट आमच्याकडे येतात. 2021 च्या टीटीएम-2 चाचणीत (अशा पेशंटच्या तापमान-नियंत्रणावरचा मोठा अभ्यास) 33 अंशांपर्यंत गार करण्याचा वेगळा फायदा दिसला नाही, त्यामुळे आता आमचा भर ताप 37.5 च्या वर जाऊ न देण्यावर असतो.

अडतं ते हुडहुडीपाशी. कूलिंग ब्लँकेट सुरू केलं की आधी जबडा थरथरतो, ईसीजीची रेघ हलायला लागते, मग छाती आणि दंड. ऑक्सिजनची गरज वाढते आणि तापमानही उतरत नाही.

पॅरासिटामॉल, मॅग्नेशियम, हातपाय उबदार ठेवणं, फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) वाढवणं, सगळं करून झालं. प्रोपोफॉल (गुंगीचं औषध) वाढवलं की बीपी कोसळतं. तापमान अन्ननलिकेतल्या प्रोबने मोजतो, त्यामुळे आकड्यावर भरवसा आहे. सलग ईईजीची (मेंदूच्या विद्युत हालचालींच्या नोंदीची) सोय मात्र नाही. म्हणूनच मसल रिलॅक्संट (स्नायू पूर्ण सैल करणारं औषध) द्यायला मन धजत नाही. अंग हलणार नाही, आणि मेंदूत झटके चालू राहिले तर कळणारच नाहीत.

अशा वेळी तुम्ही आधी डेक्समेडेटोमिडीन (गुंगीचं, पण नाडी मंदावणारं औषध) लावता, की रिलॅक्संटचे सुटे डोस देता? आणि नाडी आधीच 50 च्या आसपास असेल तर हा क्रम बदलता का?