गुडघ्यात कॅन्डिडा बुरशी, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५००च्या खाली: गुडघा लगेच धुवायचा की थांबायचं?

अस्थितज्ज्ञ : ल्युकेमियाच्या रुग्णाचा गुडघा सुजलाय, सुईने काढलेल्या पाण्यात कॅन्डिडा निघालाय. अशा वेळी ‘आधी पेशींचा काउंट वर येऊ द्या, मग बघू’ हे मला साफ नामंजूर आहे. आयडीएसए या अमेरिकी संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शनात कॅन्डिडाच्या सेप्टिक संधिदाहात (सांध्यातल्या संसर्गात) निचरा सगळ्यांनाच सांगितलाय. आत पू साठून राहिला की कूर्चा झिजते आणि ती कुठल्याच औषधाने परत येत नाही.

रक्तविकारतज्ज्ञ : निचरा हवाच, पण निचरा म्हणजे लगेच भूल नव्हे. प्लेटलेट १५,००० असताना दुर्बीण घातलीत तर सांधा रक्ताने भरेल. सुईने पुन्हा पुन्हा पाणी काढा, प्लेटलेट चढवून ५०,०००च्या वर न्या, मग धुवा. औषध मात्र आजच सुरू करा: कॅस्पोफंजिन हे बुरशीविरोधी औषध पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, पुढे रोज ५०. दोन आठवड्यांनी जंतू दाद देत असेल तरच फ्लुकोनॅझोल रोज ४०० मिग्रॅ, किमान चार आठवडे. क्रुसी ही कॅन्डिडाची जात निघाली तर फ्लुकोनॅझोलचं नावच नको. आणि केमोत विन्क्रिस्टिन असेल तर अझोल (फ्लुकोनॅझोलच्या गटातलं औषध) लिहिण्याआधी विचारा. विन्क्रिस्टिनची रक्तातली पातळी चढते, आतडी ठप्प होतात, पाय लुळे पडतात. व्हेनेटोक्लॅक्स या ल्युकेमियाच्या औषधाचा डोसही उतरवावा लागतो.

अस्थितज्ज्ञ : दाट पू सुईतून येतच नाही, आत कप्पे धरतो. दोनदा सुई घालूनही सूज तेवढीच असेल तर प्लेटलेटची पिशवी लावूनच रुग्ण टेबलावर घ्या.

सूक्ष्मजीवतज्ज्ञ : आधी नमुना नीट पाठवा. पाण्यात पांढऱ्या पेशी कमी दिसल्या म्हणून संसर्ग नाही असं धरू नका. रुग्णाच्या रक्तातच पेशी नाहीत, सांध्यात कुठून येणार? काही पाणी ब्लड कल्चरच्या बाटलीत, उरलेलं निर्जंतुक डबीत पाठवा आणि चिठ्ठीवर ‘फंगल कल्चर’ स्पष्ट लिहा, नाहीतर पाचव्या दिवशी प्लेट टाकून दिली जाते. अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी निघाली तर व्होरिकोनॅझोल हे अझोल, किमान आठ आठवडे. पाचव्या दिवसाच्या सुमारास डोसआधीची रक्तातली पातळी लिटरमागे १ ते ५.५ मिग्रॅच्या मध्ये हवी. काही महिन्यांनी नवीनच हाडं दुखू लागली आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातलं एन्झाइम चढलं, तर बुरशी पसरली असं समजण्याआधी त्या औषधातल्या फ्लोराइडचा संशय घ्या.

रक्तविकारतज्ज्ञ : दोन सुयांची अट मान्य. पण सांध्यात अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीविरोधी औषध टोचायचा आग्रह कुणी धरू नका. अझोल सांध्यात चांगलं उतरतं आणि टोचलेलं औषध अस्तरालाच सूज आणतं.